कंपाउंडरसाहेबांचे पेशंट

तमाम नागरिक बंधू-भगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या तालुक्यातले एक आजी आमदार, दोन माजी आमदार, होऊ घातलेले तीन, नगराध्यक्षबाई आणि सही सोडून त्यांची बाकी सगळी कामं करणारे त्यांचे यजमान, हे सर्वजण गेली कित्येक वर्षे गंभीर आजारी असून एकाच्याही प्रकृतीला उतार नाही. ही बातमी पेपरात आलेली नाही. त्यांच्या घरच्यांना ती माहीत नाही आणि खुद्द पेशंटांना तर नाहीच नाही. ते लग्नांच्या पंगतीत जेवत आहेत, नारळ फोडत आहेत, एकमेकांच्या वाढदिवसाच्या फलकांवर हात जोडून उभे आहेत. पण निदान पक्कं आहे. निदान करणारा गृहस्थ डॉक्टर नाही, कंपाउंडर आहे, तोही निवृत्त; परंतु अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात पुढाऱ्यांचा रोग त्याच्याइतका दुसऱ्या कोणी ओळखलेला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने आणि दुकान उघडं ठेवून सांगतो.

हे गृहस्थ आमच्या मागच्या भिंतीपलीकडे राहतात. सारं गाव त्यांना कंपाउंडरसाहेब म्हणतं. मी काका म्हणतो, कारण लहानपणी त्यांच्या हातचं इतकं गुलाबी औषध प्यालो आहे की नातं रक्तातच गेलं. वय एक्क्याऐंशी. मिशनचा दवाखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, त्याच्या इमारतीत आता सोयाबीनची पोती मुक्कामाला असतात, पण काकांच्या अंगातून दवाखाना काही गेलेला नाही. जुन्या काळी औषधाच्या बाटलीवर कागदाची एक कातरलेली पट्टी चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. काकांच्या घरात अजून प्रत्येक बाटलीवर ती पट्टी आहे. गोडेतेलावर आहे, मधावर आहे, पिण्याच्या पाण्याच्या सुरईवरसुद्धा आहे. रविवारी चर्चमधे जाताना ते खिशात एक पट्टी घेऊन जातात. नगरकडून बदलून आलेले आमचे तरुण पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की काका पट्टी मांडीवर ठेवतात आणि अंदाजाने एकेका खाचेवर अंगठा सरकवत नेतात. तिसरी खाच ओलांडली की खोकला. पाळकसाहेब बिचारे शिकले-सवरलेले, देवज्ञानाची पदवी घेतलेले, पण त्या खोकल्यानं मोशेला समुद्राच्या मधोमध सोडून 'आमेन' म्हणतात. "जास्त डोस झाला का उलटी होते," काका म्हणतात, "मग थे औषध असो का वचन."

त्यांच्या पत्नी त्याच दवाखान्यात नर्स होत्या. त्यांना गाव सिस्टरबाई म्हणे. केळापूरपासून मुकुटबनच्या वाटेपर्यंतची किती बाळं त्यांच्या हातावर जन्मली ते त्यांनी कधी मोजलं नाही. मी त्यांतला एक आणि आमचे सध्याचे आमदार, ज्यांना सगळे 'भाऊ' म्हणतात, ते दुसरे. भाऊंचा विषय निघाला की काका म्हणत, "जन्मला तवा आमच्या सिस्टरनं चापट मारली आन् थो रडला. तेवढंच एक त्याचं खरं भाषण." सिस्टरबाई हसू दाबत आणि म्हणत, "असं बोलू नये, लेकरू आहे ते." भाऊ तेव्हा पन्नाशीला आले होते आणि त्यांच्या मागे सात गाड्या चालत. सिस्टरबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून भिंतीपलीकडून दोन कपांचा आवाज येत नाही, एकाचाच येतो. बाकी सगळं तेच.

आता मी कोण, तेही सांगून टाकतो, कारण पुढे माझाच गुन्हा यायचा आहे. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. पाटीवर तसं लिहिलंय, पण खरा धंदा निवेदनांचा. रस्त्यासाठी निवेदन, पाण्यासाठी निवेदन, डीपी जळाली म्हणून निवेदन, मागच्या निवेदनाचं काय झालं म्हणून निवेदन. 'महोदय' हा शब्द माझी बोटं झोपेतसुद्धा टाइप करतात. आम्ही जयभीमवाले, आमच्या घरात देव नाही, कायदा आहे. अर्ज नीट लिहिला, योग्य माणसाच्या हातात दिला आणि पोच घेतली की काम आज ना उद्या होतं, ही माझी श्रद्धा. रोज सकाळी भिंतीवरून काका म्हणतात, "सलाम, बाबू." मी म्हणतो, "जयभीम, काका." त्यानंतर वाद सुरू. "तुह्या अर्जाची पोच तुले भेटते," ते म्हणतात, "आन् काम? माह्या अर्जाले पोच भेटत नाही, पण वरच्याचं आवक रजिस्टर पक्कं हाये." मी विचारतो, मग तुमच्या अर्जांचा निकाल कुठे आहे? त्यावर ते म्हणतात, "सुनावणी चालू हाये," आणि सुरईतलं दोन खाचा पाणी पिऊन आत जातात.

तर ती यादी. चर्चमधे दर रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते आणि आजाऱ्यांची नावं वाचायचा मान काकांचा. डोळे अधू झाल्यापासून ती यादी मी टाइप करतो, भल्या मोठ्या अक्षरात. दर शनिवारी दुपारी काका दुकानात येतात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसतात आणि तोंडी सांगतात. पहिल्यांदा त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझी बोटं थांबली होती.

"लिव. एक, शांताबाई, गुडघे. दोन, रिटायर मास्तर, मोतीबिंदू, उजवा. तीन, पाळकसाहेबाची आई, दमा. चार, आमदार भाऊ..."

"भाऊंना काय झालं?"

"जिभेले जुलाब. हाताले लकवा."

"काका!"

"लक्षणं सांगतो नं. तोंडातून अखंड चालू हाये आन् हातून काई होत नाही. दुसरं काय म्हणतात याले? लिव. पाच, माजी आमदार, थोरले. स्मृतिभ्रंश. मत मांगाच्या वक्ती तात्पुरता आराम पडते. सहा, नगराध्यक्षबाईचे यजमान. भूक. औषध नाही."

पद्धत अशी होती: एखाद्या पुढाऱ्यानं गावासमोर शब्द दिला की त्याचं नाव यादीत यायचं आणि त्यानं तो पाळला की त्याला सुट्टी मिळायची, दवाखान्यातून देतात तशी. मी टाइप करायला लागल्यापासून एकालाही सुट्टी झालेली नाही. शांताबाईचे गुडघे बदलून झाले, ती नाचत घरी आली. मास्तरांचा मोतीबिंदू निघाला. पुढारी तेवढे कॉटवरच. आणि गंमत म्हणजे काका त्यांची थट्टा करत नव्हते. मी करत होतो. काका डोळे मिटून, डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करत. एकदा मी म्हटलं, "एवढा राग आहे तर सरळ शिव्या का देत नाही?" ते चकितच झाले. म्हणाले, "आजाऱ्याले कोणी शिव्या देते का, बाबू? त्याची सेवा कराची असते. फक्त त्याच्या खांद्यावर हात ठिवून चालाचं नसते. चालशीन त दोघंई पडान." निवडणूक आली की सकाळी सातला, पांढरा शर्ट घालून, मतदान केंद्रावर पहिला नंबर काकांचा. "मत सरकारले द्याचं," शाई लागलेलं बोट दाखवत ते म्हणत, "भरवसा वरच्याले." मग भाऊंनी पक्ष बदलला, परत बदलला, तिसऱ्यांदा बदलला, गावात कोण कोणाचा हे कळेना, चहाच्या टपरीवर भावाभावांची डोकी फुटली. काका तेवढे शांत. यादीत भाऊंच्या नावापुढे त्यांनी फक्त एक शब्द वाढवला: चक्कर.

इथपर्यंतचं ऐकून तुम्ही हसलात तर हसून घ्या. मीही गावभर सांगून हसवत होतो.

आमच्याकडे ख्रिस्ती मंडळी मूठभर, तीस-चाळीस घरं. त्यांचं कबरस्तान गावाच्या पूर्वेला, कडुनिंबाच्या झाडांखाली. जुन्या काळी एका जिनिंगवाल्या शेटच्या बायकोला मिशनच्या बाईनं बाळंतपणात वाचवलं, तेव्हा शेटनं ती जागा दिली. तोंडी दिली. त्या काळात तोंडाला किंमत होती म्हणतात. कागद नाही, सातबाऱ्यावर जागा भलतीच काही लागलेली. गाव वाढत वाढत कडुनिंबांपर्यंत आलं आणि ती जागा एकदम मोक्याची झाली. सिस्टरबाई तिथे शेवटच्या रांगेत आहेत, रस्त्याच्या भिंतीला लागून. त्यांच्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी आहे आणि त्या जागेवर काकांचा रुमाल आहे.

रुमालाचं सांगायलाच हवं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. सिस्टरबाईंच्या तिसऱ्या दिवशीच काकांनी आपला पांढरा रुमाल शेजारच्या मातीवर अंथरला आणि वर दगड ठेवला. दर रविवारी उपासना झाली की ते तिथे जातात, मळका रुमाल उचलतात, धुतलेला ठेवतात. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा म्हटलं, "काका, इथे कोण येणार आहे जागा पळवायला?" ते म्हणाले, "तुले मालूम नाही. आमच्या मंडळीत लई लोकं घाईवर हायेत. शांताबाईचा त पहिल्यापासून डोया हाये या जागेवर." मग सिस्टरबाईंच्या दगडाकडे बघून, जरा आवाज वाढवून म्हणाले, "हो, सांगतलं त्याले. येतो. गाडी लेट हाये."

तर गेल्या वर्षी तिथे नगरपालिकेचं व्यापारी संकुल बांधायचं ठरलं आणि नोटीस आली. पूर्वेची भिंत, शेवटची रांग आणि एक कडुनिंब संकुलाच्या वाहनतळात जात होते. मंडळीत रडारड झाली. पाळकसाहेब माझ्याकडे आले. मी बाह्या सरसावल्या. असा अर्ज आयुष्यात लिहिला नव्हता. आमदार भाऊंचा जनता दरबार सोमवारी होता, म्हणून शनिवारी बसून चार पानी निवेदन तयार केलं. शेवटी 'सोबत: मंडळीच्या सभासदांची यादी'. त्याच दुपारी काका आपली नेहमीची यादी सांगून गेले होते. दोन्ही कागद एकाच प्रिंटरमधून, एकाच वेळी, गरमागरम निघाले. मी स्टेपलर मारला. आता कळलं असेल.

रविवारी काकांच्या हाती पडली सभासदांची यादी. त्यांनी ती वाचली. सगळीच्या सगळी. मंडळीतल्या प्रत्येक माणसाचं नाव, बाळांसकट, आजारी म्हणून देवापुढे गेलं. मी नंतर विचारलं, काका, शंका कशी आली नाही? "कायची शंका?" ते म्हणाले, "मले वाटलं, बाबूले अक्कल आली. आजारी त सारेच हायेत."

आणि सोमवारी. मंडप भरलेला, पंखे गरम हवा फेकताहेत, व्यासपीठावर भाऊ. काका असल्या ठिकाणी कधी येत नाहीत, पण सगळ्यांत वडीलधारे म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना हात धरून आणलं होतं आणि शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं. सूत्रसंचालन करत होते प्राथमिक शाळेचे एक मास्तर, ज्यांचा लौकिक असा की हातात दिलेला कागद ते आधी वाचतात, मग समजून घेतात. त्यांनी माझं निवेदन खणखणीत आवाजात वाचलं. मी अभिमानानं मान डोलवत होतो. मग ते म्हणाले, "सदर मंडळीचे सभासद पुढीलप्रमाणे. एक, शांताबाई, कंबर." लोक जरा चुळबुळले. "दोन, रिटायर मास्तर, रक्तदाब. तीन, पाळकसाहेबांची आई, दमा." मी उठलो, हात हलवला, मास्तरांना वाटलं मी शाबासकी देतोय. त्यांनी आवाज चढवला. "चार! आमदार भाऊ! जिभेला जुलाब! हाताला लकवा! आणि चक्कर!"

मास्तरांनी 'पाच' म्हणायला तोंड उघडलं. मग कुठूनतरी एक खी: करून फुटलं आणि पाठोपाठ सगळा मंडप. भाऊंचा चेहरा मी पाहिला. एक क्षण, फक्त एक क्षण, त्यावर काहीच नव्हतं. मग त्यांनी हसू आणलं, खाली उतरले, थेट शेवटच्या खुर्चीपर्यंत आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून माइकमधे म्हणाले, "काका, तुमच्या प्रार्थनेनंच त उभा हावो मी! सिस्टरबाईच्या हातचा पोरगा हावो! त्याइच्या कबरीच्या एका इंचाले हात लागला त हा भाऊ परत तोंड दाखवणार नाही!" टाळ्या. फोटो. मी सुटकेचा श्वास टाकला आणि घरी येताना म्हटलं, "बघा काका, शब्द दिला माणसानं. सगळ्यांसमोर." काका म्हणाले, "ताप वाढला त्याचा. जीभ पाह्यली नाही का तू?"

पंधरा दिवसांनी कबरस्तानात खुंट्या ठोकल्या गेल्या. लाल रंगाचं टोक असलेल्या. एक खुंटी बरोबर रुमालाच्या पलीकडे, वीतभर.

आता दोष कोणाचा? यादीचा, असं मंडळीनं ठरवलं. मी छाती पुढे करून सांगितलं की स्टेपलर माझा होता, पण लोकांना माझ्यावर रागावता येईना; उद्या पुन्हा अर्ज माझ्याकडूनच लिहून घ्यायचे होते. उपासनेनंतर बैठक बसली. भाऊ दुखावलेत, त्यांनी मनात आणलं तर अजून होईल, काकांनी जाऊन माफी मागावी आणि यादीतून नाव काढावं. शांताबाई तर तोंडावर म्हणाली, "तुमच्या यादीपायी माह्या नवऱ्याच्या कबरीवर गाड्या उभ्या राहीन, कंपाउंडर!" पाळकसाहेबांनी हात जोडले. "काका, एक नाव काढायचं आहे फक्त. देवाला कळतं ना कोण आजारी आहे ते."

"सुट्टी कशी देऊ?" काका म्हणाले. "पेशंट बरा झाला नाही."

असं म्हणाले खरे. पण त्या रविवारी रुमाल बदलताना त्यांनी खुंटीला हात लावून पाहिला, हलते का म्हणून. हलली नाही. आणि बुधवारी सकाळी भिंतीवरून 'सलाम' आला नाही. मी डोकावलो तर काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, डोक्याला तेल लावून, पायरीवर बसलेले. म्हणाले, "बाबू, भाऊकडे घिऊन चाल."

मला आनंद व्हायला हवा होता. वर्षानुवर्षांचा वाद मी जिंकला होता. पण गाडी चौथ्या किकला सुरू झाली.

भाऊंच्या बंगल्यासमोर पत्र्याच्या मांडवात आम्ही साडेचार तास बसलो. अर्जवाले, बदलीवाले, लग्नपत्रिकावाले. काका पाणीही प्याले नाहीत. मांडीवर हात ठेवून बसले होते, आणि मी पाहिलं, अंगठा सरकत होता; पट्टी नव्हती तरी. दुपारी भाऊ बाहेर आले, फोन कानाला लावलेला. काका उभे राहिले. उभे राहताना वाकले, की वाकायलाच निघाले होते, ते मला कळलं नाही. भाऊ आम्हांला पाहून थबकलेही नाहीत. फोनवर हात ठेवून म्हणाले, "होऊन जाते काका, होऊन जाते," आणि गाडीत बसले. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

परतताना मी सारा रस्ता बोलत होतो. मुंबईला अर्ज करू, दिल्लीला करू, पेपरात देऊ. घर आल्यावर काका गाडीवरून उतरले आणि म्हणाले, "मी आज त्याच्या पाया पडणार होतो, बाबू. थो थांबला नाही म्हून वाचलो." मग फाटक लावता लावता, माझ्याकडे न बघता, "आन् पडलो असतो त, त्याच्याच पडलो असतो. देवाची यादसुदिक नाही आली मले तितं. साडेचार तासात एकडाव नाही आली."

शनिवारी ते दुकानात आले. खुर्चीवर बसले. नेहमीची नावं सांगितली. यादी संपली, तरी उठेनात. मी विचारलं, झालं का? म्हणाले, "आनखी एक लिव. रिटायर कंपाउंडर."

"तुम्हाला काय झालं, काका?"

"भरवसा सुटला," ते म्हणाले. "जुना पेशंट हाये. मोठ्या अक्षरात लिव, मले वाचता आलं पाह्यजे."

मी टाइप केलं. प्रिंट काढून दिली आणि या वेळी स्टेपलरला हातही लावला नाही.

यंत्र आलं ते चैत्रात, एका मंगळवारी सकाळी. ते पिवळं धूड भिंतीपलीकडे घुरघुरत उभं होतं. सावलीत जीप, जीपमधे नगरपालिकेचे साहेब. मंडळीतली वीसेक माणसं कडुनिंबाखाली जमली. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं, ते दुसऱ्या ओळीला विरलं. मी एका कबरीआड उभा राहून फोन लावत होतो. माझ्या फोनमधे जेवढे म्हणून 'भाऊ' आहेत तेवढे सगळे लावून पाहिले. एक बंद, एक व्यस्त, एक उचलून ठेवलेला, एकाच्या पोरीनं उचलला आणि म्हणाली पप्पा पूजेला बसलेत.

त्या दिवशी भिंत पडली. रांग तेवढी राहिली, कारण दुपारी साहेबांना दुसरीकडे जावं लागलं आणि ते 'पुढील आदेशापर्यंत' म्हणून निघून गेले. तो पुढील आदेश अजून यायचा आहे. येईल, की तसाच राहील, कोणालाच ठाऊक नाही. खुंट्या आहेत तिथेच आहेत. काका आता जास्त थकलेत, पण दर रविवारी रुमाल बदलतात. भिंत गेल्यापासून तिथे वारं सुटतं, म्हणून एका दगडाचे दोन झालेत. मी अजून निवेदनं लिहितो. गिऱ्हाईक विचारतं, काम होईल ना? पूर्वी मी म्हणायचो, शंभर टक्के. आता मी स्टेपलर शोधायला लागतो. आजाऱ्यांच्या यादीत काकांचं नाव अजून कायम आहे आणि गेल्या महिन्यात त्याखाली एक नवं आलं, माझंच. "शेजारचा बाबू," काकांनी सांगितलं, "फोन लावाची सवय." मी निमूट टाइप केलं.

पण मला सांगायचंय ते भिंत पडली त्या क्षणाचं. पाळकसाहेब काकांजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "काका, प्रार्थना तुम्ही करा." काकांची प्रार्थना म्हणजे मोठं प्रकरण, ती सृष्टीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते, आणि तिला मात्र खाचांचा नियम लागू नाही. काकांनी टोपी काढली. सिस्टरबाईंच्या दगडाशेजारी, रुमालाच्या कडेला उभे राहिले, डोळे मिटले. "हे स्वर्गातल्या देवबापा," ते म्हणाले, आणि थांबले. आम्ही थांबलो. एवढ्यात लोखंडी पंजा भिंतीवर बसला, विटा आत कोसळल्या, आणि धुळीचा लोट येऊन तो पांढरा रुमाल पार मातीच्या रंगाचा झाला. काकांनी डोळे उघडले. रुमालाकडे पाहिलं. मग मान मागे टाकून, कडुनिंबाच्या फांद्यांतून दिसणाऱ्या त्या पांढऱ्याफटक आभाळाकडे बोट केलं, आणि वीस माणसांदेखत, यंत्राच्याही वर आवाज काढून ते ओरडले:

"बापा, आता तू तरी पुढाऱ्यावानी करू नको!"